फलकावरचा आकडा आणि रुग्णाचा श्वास

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासन विभागाच्या वतीने केलेले भाषण)



अहवालवर्षाचा जमाखर्च, विभागवार कामाचा तपशील आणि देणगीदारांची नामावली आपल्या हाती मुद्रित स्वरूपात दिलेलीच आहे. त्या आकड्यांची पुन्हा उजळणी न करता आज आम्ही एका निराळ्याच आकड्याविषयी बोलण्याची अनुज्ञा मागतो. हा आकडा आमच्या ताळेबंदात नाही. परंतु दम्याच्या, जुनाट खोकल्याच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांच्या घरी तो आता रोज वाचला जाऊ लागला आहे. तो आकडा म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक.

गेल्या काही हिवाळ्यांत बाह्यरुग्ण विभागात नातेवाईक मोबाईल पुढे करून विचारतात, "साहेब, आज एकशे साठ दाखवतोय. आईला शेतावर जाऊ द्यायचं का?" दुसऱ्या बाजूने काही हितचिंतक देणगीदारांनी रुग्णालयाच्या प्रवेशद्वारी हवेतील प्रदूषणाचा आकडा क्षणोक्षणी दाखविणारा विद्युत फलक बसवून देण्याची तयारी दर्शविली आहे. या दोघांनाही नीट उत्तर देणे हे प्रशासनाचे कर्तव्य ठरते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. औषधोपचाराचा निर्णय आमच्या अधिकारात नाही. मात्र एखादा आकडा कसा तयार होतो, त्यात काय धरले आहे आणि काय वगळले आहे, हे तपासण्याची सवय हिशेबाच्या कामाने आम्हांस लावली आहे. पुढील निवेदन त्या सवयीच्या आधारे केलेले आहे.

आकडा कोठून येतो

हवेचे प्रदूषण मोजणे ही आपल्या जिल्ह्याला परकी गोष्ट नाही. पुण्यातील पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'सफर' ही हवेच्या गुणवत्तेची मोजणी व पूर्वानुमान करणारी यंत्रणा विकसित केली. २०१० साली दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने ती प्रथम कार्यान्वित झाली आणि २०१३ मध्ये पुण्यात आली. पुढे एप्रिल २०१५ मध्ये केंद्र शासनाने संपूर्ण देशासाठी एकच राष्ट्रीय निर्देशांक लागू केला. एक आकडा, एक रंग आणि एक शब्द यांवरून सामान्य नागरिकाला हवेची अवस्था कळावी, हा त्यामागील हेतू होता.

या निर्देशांकात आठ घटक धरले आहेत. त्यांत दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे यांचा समावेश होतो. यांपैकी आमच्या रुग्णांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ते अतिसूक्ष्म धूलिकण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात. त्यांचा व्यास अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाइतका. नाकातील केसांना आणि घशाला चुकवून हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. त्यांतील काही रक्तातही उतरतात. म्हणूनच धूर वाढला की केवळ खोकल्याचेच नव्हे, तर हृदयविकाराचेही रुग्ण अडचणीत येतात.

बेरीज नव्हे, सर्वांत मोठे देणे

पहिला गैरसमज येथेच होतो. आठ घटकांची बेरीज करून किंवा सरासरी काढून निर्देशांक काढत असावेत, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. प्रत्येक घटकाचा स्वतंत्र उपनिर्देशांक काढला जातो आणि त्यांतील सर्वांत मोठा जो असेल तोच त्या ठिकाणचा निर्देशांक म्हणून जाहीर होतो. किमान तीन घटकांची मोजणी उपलब्ध असावी आणि त्यांत धूलिकण असलेच पाहिजेत, असा दंडक आहे.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, एके दिवशी घनमीटर हवेत पीएम २.५ चे प्रमाण ७५ मायक्रोग्रॅम आणि मोठ्या धूलिकणांचे, म्हणजे पीएम १० चे, प्रमाण १२० मायक्रोग्रॅम भरले. पहिल्याचा उपनिर्देशांक सुमारे १५० येतो, दुसऱ्याचा सुमारे ११३. जाहीर होणारा आकडा १५०. एखाद्या कुटुंबावर आठ सावकारांचे देणे असेल, तर सर्वांत कडक तगादा ज्याचा असेल त्याच्यावरून त्या घरची अडचण ठरते; तसेच हे आहे. त्यामुळे आकड्याच्या शेजारी कोणत्या घटकामुळे तो आला हे लिहिलेले असते, तेही वाचावे. धुळीमुळे आलेला १५० आणि उन्हाळ्याच्या दुपारी ओझोनमुळे आलेला १५० यांत काळजी घेण्याची वेळ आणि रीत वेगळी असते.

क्षण आणि सरासरी

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. राष्ट्रीय निर्देशांक धूलिकणांची चोवीस तासांची सरासरी धरतो. कार्बन मोनॉक्साइड व ओझोन यांची आठ तासांची. याउलट अनेक मोबाईल ॲप आणि विद्युत फलक त्या तासाचा किंवा त्या मिनिटाचा आकडा दाखवितात. दोन्ही आकडे खरे असू शकतात. मात्र एक आहे दिवसभराचा रोजमेळ आणि दुसरी आहे एका पावतीवरची रक्कम. एका पावतीवरून दुकानाचा नफातोटा सांगता येत नाही. आणि रोजमेळाच्या शेवटच्या ओळीवरून दुपारी दोन वाजता गल्ल्यात किती रोकड होती हेही सांगता येत नाही.

कल्पना करू की एका ठिकाणी तेवीस तास पीएम २.५ चे प्रमाण ४० राहिले आणि पहाटेच्या एका तासात शेजारी कचरा पेटविल्याने ते २०० वर गेले. दिवसाची सरासरी जेमतेम ४७ भरते. निर्देशांक सुमारे ७८ येतो आणि त्यापुढे 'समाधानकारक' हा शब्द लागतो. परंतु त्या एका तासात अंगणात बसलेल्या दमेकरी आजोबांच्या दृष्टीने तो दिवस समाधानकारक नव्हता. याच्या उलटही घडते. शेजारच्या चुलीचा धूर क्षणभर यंत्रावर आला, आकडा एकदम चढला आणि घाबरून कुटुंब रुग्णाला घेऊन धावले, दहा मिनिटांत आकडा पूर्ववत. म्हणून आमचे डॉक्टर सांगतात की एका क्षणाच्या आकड्यावरून औषध बदलू नये. तीन-चार तासांचा कल पाहावा, आणि रुग्णाला धाप लागली असेल तर आकडा काहीही असो, त्याला तत्काळ आणावे. फलकावर हिरवा रंग आहे म्हणून धाप लागलेल्या रुग्णाला घरी थांबविणे हे सर्वांत धोक्याचे वाचन होय.

एकच हवा, दोन आकडे

नातेवाइकांच्या मनात गोंधळ उडविणारी तिसरी गोष्ट म्हणजे एकाच गावासाठी दोन ॲपवर दिसणारे दोन वेगवेगळे आकडे. याचे एक सरळ कारण असे की प्रत्येक देशाने आपापली मोजपट्टी ठरविली आहे. घनमीटरमध्ये ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ हे भारतीय मोजपट्टीवर बरोबर १०० येतात आणि 'समाधानकारक' या वर्गात बसतात. तीच हवा अमेरिकी मोजपट्टीवर १५० च्या पुढे जाते आणि सर्वांसाठी अपायकारक ठरते. हवा बदललेली नसते, फूटपट्टी बदललेली असते.

यातील कोणती पट्टी खरी, असे आपण विचाराल. भारताचे २००९ चे मानक चोवीस तासांसाठी ६० आणि वर्षासाठी ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक पातळी अनुक्रमे १५ आणि ५ आहे. आपल्या कोरड्या, धुळीच्या आणि दाट वस्तीच्या देशात शासनाने गाठता येईल असे मानक ठरविले, हे समजण्यासारखे आहे. परंतु मानक हे प्रशासनाचे उद्दिष्ट असते; फुप्फुस ते वाचून श्वास घेत नाही. ज्यांच्या घरी दमेकरी, गरोदर स्त्री, तान्हे मूल अथवा हृदयविकाराचा रुग्ण आहे, त्यांनी 'समाधानकारक' या शब्दावर पूर्णपणे विसंबू नये. राष्ट्रीय निर्देशांकाच्या अधिकृत कोष्टकातसुद्धा ५१ ते १०० या वर्गापुढे संवेदनशील व्यक्तींना श्वसनाचा किंचित त्रास संभवतो असे म्हटले आहे. आणि १०१ ते २०० या 'मध्यम' वर्गात दमा, फुप्फुसाचे वा हृदयाचे विकार असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो हे स्पष्ट नोंदविलेले आहे. बोलीभाषेत मध्यम म्हणजे बरे, चालण्यासारखे. निर्देशांकाच्या भाषेत मध्यम म्हणजे आमच्या रुग्णांसाठी इशाऱ्याची पहिली घंटा.

यवतची हवा यवतलाच मोजावी लागेल

आता आपल्या गावाकडे वळू. पुणे परिसरात हडपसर, कात्रज, भोसरी, निगडी, आळंदी अशा ठिकाणी मोजणी केंद्रे आहेत. त्यांतील हडपसरचे केंद्र सोलापूर रस्त्याने आपल्याला त्यातल्या त्यात जवळचे. तरीही ते सुमारे पस्तीस किलोमीटरवर आहे. मोबाईलमध्ये 'यवत' असे नाव टाकल्यावर जो आकडा उमटतो, तो पुष्कळदा येथे बसविलेल्या यंत्राचा नसून दूरची केंद्रे, उपग्रहाची निरीक्षणे आणि वाऱ्याचे गणित यांवरून संगणकाने बांधलेला अंदाज असतो. अंदाज निरुपयोगी नव्हे. संपूर्ण परिसरावर धुरके पसरले आहे काय, हे तो बऱ्यापैकी सांगतो. परंतु आपल्या गल्लीत, आपल्या बांधावर काय चालले आहे, हे त्याला दिसत नाही.

आणि आपल्याकडचे धुराचे उगम तर अगदी स्थानिक आहेत. पुणे-सोलापूर महामार्ग गावाला लागून जातो. जड वाहनांची वर्दळ रात्रंदिवस असते. दौंड तालुका गुऱ्हाळांचा तालुका म्हणून ओळखला जातो. गुऱ्हाळाच्या चुलवाणात वाळलेले चिपाड जाळले तर जो धूर होतो, त्याहून कितीतरी विषारी धूर रबर किंवा प्लास्टिक जाळल्याने होतो. ऊसतोडीनंतर शेतातील पाचट पेटविण्याची प्रथा अजून सर्वस्वी गेलेली नाही. यांतील कोणताही धूर हडपसरच्या यंत्राला ठाऊक नसतो.

यात ऋतूचा भाग फार मोठा आहे. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार व जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. धूर वर न जाता गावावरच साचतो. सूर्य वर आल्यावर हे झाकण उघडते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा आणि रात्रीचा आकडा दुपारच्या आकड्यापेक्षा पुष्कळ अधिक असू शकतो. 'पहाटेची हवा शुद्ध' या आपल्या पिढीजात समजुतीला हिवाळ्यात अपवाद करावा लागतो. वयस्कर मंडळींनी त्या दिवसांत फिरायला जाण्याची वेळ ऊन वर आल्यानंतरची ठेवावी, हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय. उलट आषाढी वारीत श्रीतुकाराम महाराजांची पालखी यवतला मुक्कामी येते त्या सुमारास पाऊस धूळ बसवितो आणि हवा निवळते.

पावसाळ्याचाच एक तांत्रिक धडाही आहे. शासकीय केंद्रांवरील महागडी यंत्रे कण गाळण-पट्टीवर जमा करून बीटा किरणांच्या साहाय्याने त्यांचे वस्तुमान ठरवितात. बाजारातील स्वस्त संवेदक प्रकाशाची तिरीप सोडून कणांवरून परावर्तित होणारा उजेड मोजतात. हवा दमट असली की कण पाणी शोषून फुगतात आणि स्वस्त संवेदक वाढीव आकडा दाखवितो. अशा यंत्राची प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून जुळणी केलेली नसेल, तर त्याचा आकडा दिशा दाखविण्यापुरताच मानावा.

घरातील हवा कोणत्याच फलकावर नसते

आमच्या अनेक रुग्ण भगिनींचा विकार रस्त्यावरच्या धुराचा नसून घरातल्या धुराचा असतो. आयुष्यभर कधीही विडीला हात न लावलेल्या स्त्रीची फुप्फुसे चुलीपुढे बसून निकामी होतात, हे आता वैद्यकशास्त्राला चांगलेच ज्ञात आहे. घरोघरी गॅस आला. तरी आंघोळीचे पाणी तापविण्याचा बंब, सरपणावर भाजली जाणारी भाकरी आणि पडवीतली शेकोटी कायम आहे. डास पळविण्याची कॉइलही निरुपद्रवी नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधनानुसार एक कॉइल जळून संपेपर्यंत बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांचे वस्तुमान ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरते. बाहेर हवा 'चांगली' असताना बंद खोलीत कॉइल लावून झोपलेले मूल रात्री खोकत उठते, ते यामुळे. खिडकी उघडी ठेवावी आणि मच्छरदाणी वापरावी, हा सल्ला आमच्या परिचारिका आवर्जून देतात.

माहिती पोहोचली नाही तर

हा सर्व ऊहापोह कशासाठी, असे कोणी विचारील. लंडनमध्ये वर्दळीच्या रस्त्यालगत राहणारी एला किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी तीव्र दम्याने फेब्रुवारी २०१३ मध्ये मरण पावली. तिच्या आईने चिकाटीने पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२० मध्ये चौकशी अधिकाऱ्याने हवेचे प्रदूषण हे तिच्या मृत्यूच्या कारणांपैकी एक असल्याचा निर्णय दिला. ब्रिटनमध्ये अशी नोंद प्रथमच झाली. त्या निर्णयातील एक भाग प्रत्येक रुग्णालयाने भिंतीवर लावावा असा आहे. प्रदूषणामुळे दमा बळावतो ही माहिती आईला देण्यात आली नव्हती. ती मिळाली असती तर तिने अशी पावले उचलली असती की ज्यांमुळे मृत्यू कदाचित टळला असता, असा त्याचा आशय आहे. लंडनमध्ये मोजणीची यंत्रे होती, आकडे होते, तज्ज्ञ होते. आकडा आणि आई यांच्यामध्ये जो दुवा हवा होता तो नव्हता. महामार्गालगतच्या आपल्या गावात तो दुवा होणे हे या रुग्णालयाचे काम आहे, असे आम्ही मानतो.

विश्वस्त मंडळापुढील प्रस्ताव

या पार्श्वभूमीवर प्रशासन चार गोष्टी सुचवू इच्छिते.

पहिली, दमा व जुनाट श्वसनविकाराच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरला मराठीतील एकपानी पत्रक जोडावे. निर्देशांकाचे सहा वर्ग, त्यांचे रंग आणि प्रत्येक वर्गात त्या रुग्णाने काय करावे, हे डॉक्टरांनी त्यावर स्वहस्ते लिहावे. बांधकामावर जाणाऱ्या तरुणाला आणि घरी असणाऱ्या आजीला एकच सल्ला लागू पडत नाही. मुखपट्टी वापरायची तर एन-९५ प्रतीची आणि चेहऱ्याला घट्ट बसणारी असावी. उपरणे किंवा रुमाल अतिसूक्ष्म कण पुरेसे अडवीत नाही, हेही त्यात असावे.

दुसरी, प्रवेशद्वारी फलकाची देणगी साभार स्वीकारावी, परंतु काही अटींवर. संवेदकाची प्रमाणित यंत्राशी जुळणी झालेली असावी. तो जनित्र, उपाहारगृह आणि वाहनतळ यांपासून दूर बसवावा. फलकावर केवळ क्षणाचा आकडा न दाखविता मागील चोवीस तासांची सरासरी, मोजपट्टी भारतीय असल्याचा उल्लेख आणि त्या वर्गाचा एका वाक्यातील सल्ला असावा. यंत्र बंद किंवा नादुरुस्त असेल तेव्हा जुना आकडा न ठेवता फलक कोरा राहावा. चुकीचा हिरवा रंग हा कोऱ्या फलकापेक्षा घातक असतो.

तिसरी, आपत्कालीन कक्षात वाफेचा उपचार घेण्यासाठी येणाऱ्या रुग्णांची नोंदवही ठेवावी. तारीख, वेळ, गाव आणि त्यापूर्वी धुराशी आलेला संबंध एवढ्याच बाबी, रुग्णाचे नाव न उघडता. दोन-तीन हिवाळ्यांच्या नोंदी हाती आल्या की आपल्या परिसरातील धुराचा हिशेब आपल्याच कागदांवरून मांडता येईल. ग्रामपंचायतीशी, शाळांशी आणि गुऱ्हाळमालकांशी बोलताना तो उपयोगी पडेल. गुऱ्हाळे ही शेकडो कुटुंबांची भाकर आहे. गुळव्याचे आणि चुलवाणावर झोक देणाऱ्या मजुराचे फुप्फुस त्या धुराच्या सर्वांत जवळ असते. तेव्हा हा संवाद आरोपाचा न राहता त्यांच्याही आरोग्याचा असावा.

चौथी बाब पैशाची, आणि ती आम्ही स्पष्टपणे मांडतो. यंत्र देण्यास दाते पुढे येतात, त्यावर नाव कोरता येते. यंत्राची वार्षिक जुळणी, संवेदक बदलणे, वीज, इंटरनेट आणि नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याचा वेळ यांवर नाव कोरता येत नाही. परंतु आकड्याचा खरेपणा त्यांवरच अवलंबून असतो. म्हणून फलकाच्या देणगीबरोबर किमान पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद स्वतंत्र निधीत ठेवावी, अशी आमची विनंती आहे. ती होत नसेल तर फलक थांबवावा आणि पत्रक व नोंदवही यांस आरंभ करावा. त्यांचा खर्च कागद, छपाई आणि थोडी शिस्त एवढाच आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांस एक शेवटचे सांगणे. आपल्या माणसाला कोणत्या दिवशी त्रास वाढला, त्या दिवशी काय जळत होते, तो कोठे होता, हे आपण चार ओळींत लिहून आणलेत तर आमच्या डॉक्टरांस ते कोणत्याही ॲपच्या आकड्याहून अधिक मार्गदर्शक ठरेल. आकडा गावाचा असतो. श्वास ज्याचा त्याचा असतो.

 प्रस्तावांवरील आपल्या सूचना लेखी स्वरूपात कार्यालयात द्याव्यात, म्हणजे येत्या हिवाळ्यापूर्वी कामास प्रारंभ करता येईल.